पाणी, आग आणि चतुर : ब्रिटनच्या उंच माळांवरचा न मिटलेला प्रश्न

ब्रिटनमध्ये डोंगरमाथ्यावरच्या उघड्या, ओल्या, जवळजवळ झाडच नसलेल्या माळाला ‘मूर’ म्हणतात. पेनाइन्स, पीक डिस्ट्रिक्ट, नॉर्थ यॉर्क मूर्स, डार्टमूर, एक्समूर आणि स्कॉटलंडचा बराचसा उंच मुलूख असाच आहे. वर्षाचा बहुतेक काळ तिथे वारा, पाऊस आणि धुकं असतं. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन पडलं की डबक्यांवर चतुर आणि टाचण्या (चतुरांचे सडपातळ भाऊबंद) फिरू लागतात, हेदरची झुडपं जांभळी होतात, पाली दगडांवर ऊन खात बसतात आणि खालच्या शहरांतून माणसं दुर्बिणी घेऊन वर येतात. त्याच ऑगस्टच्या १२ तारखेला त्याच माळावर ग्राउझ पक्ष्याच्या शिकारीचा हंगामही सुरू होतो. हा माळ कुणासाठी आणि कसा राखायचा, हा वाद त्यामुळे दर उन्हाळ्यात नव्याने पेटतो.

या वादाचा आढावा बहुतेक वेळा शिकारी पक्षी आणि ग्राउझ यांच्या अंगाने घेतला जातो. इथे तो चतुरांपासून सुरू करायचा आहे. चतुराचं बरंचसं आयुष्य अळीच्या रूपात पाण्याखाली जातं, आणि मूरवरच्या जवळजवळ प्रत्येक भांडणाच्या तळाशी पाणीच आहे. माळावर किती पाणी टिकू द्यायचं, हे ठरलं की बाकीचं बरंच काही ठरतं, असं मला हा विषय वाचताना पुन्हा पुन्हा जाणवलं.

माळ कसा घडला

मूर निसर्गाने एकट्याने घडवलेला नाही. हजारो वर्षांपूर्वी माणसांनी इथली झाडं तोडली, जाळली, गुरं चारली. थंड आणि ओल्या हवेने पुढचं काम केलं. साचलेल्या पाण्यात स्फॅग्नम नावाचं शेवाळ वाढतं. मेल्यावर ते पूर्ण कुजत नाही, थरावर थर चढत जातात आणि त्यातून ‘पीट’ तयार होतं. हा काळा, ओला थर वर्षाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. म्हणजे मीटरभर पीट साचायला हजारेक वर्षं लागतात. ब्रिटनच्या पीटमध्ये सुमारे ३०० कोटी टन कार्बन साठलेला असावा, असा अंदाज आहे.

एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली, बंदुका सुधारल्या, आणि धनिकांसाठी ग्राउझची शिकार हा उन्हाळ्याचा मोठा सोहळा झाला. हाकारे पक्षी उठवणार आणि आडोशाला बसलेले शिकारी ते टिपणार, ही पद्धत रुळली. ग्राउझ हेदरचे कोवळे कोंब खातो, म्हणून हेदर पट्ट्यापट्ट्यांनी जाळून नवी फूट आणण्याची रीत पक्की झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारने अन्नोत्पादनासाठी अनुदान देऊन माळांवर मैलोन् मैल चर खणून घेतले. पाणी निघून जाईल, गवत वाढेल आणि मेंढ्या पोसतील, असा हिशेब होता. दक्षिण पेनाइन्समध्ये तर मँचेस्टर आणि आसपासच्या गिरण्यांच्या धुरानेच स्फॅग्नम मारून टाकलं होतं. तिथे मैलभर उघडं, काळं, धुपत चाललेलं पीट दिसायचं.

सामान्य माणसाला या माळावर पाय ठेवायला मिळाला तोही भांडूनच. २४ एप्रिल १९३२ रोजी किंडर स्काउटवर शेकडो कामगार तरुण मालकाची बंदी मोडून चढले आणि त्यांतल्या काहींना तुरुंगवास झाला. मोकळ्या माळावर पायी फिरण्याचा कायदेशीर हक्क इंग्लंड-वेल्समध्ये २००० सालच्या कायद्याने मिळाला, स्कॉटलंडमध्ये २००३ च्या. आज कुणीही दुर्बीण घेऊन वर जाऊ शकतो, त्यामागे ही लढाई आहे.

चतुर काय सांगतात

मूरवरच्या डबक्यांचं पाणी आम्लधर्मी असतं. त्यात सहसा मासे जगत नाहीत, त्यामुळे चतुरांच्या अळ्याच तिथल्या मोठ्या शिकारी ठरतात. या परिसराशी जुळलेल्या जाती ठरावीक आहेत आणि प्रत्येकीची गरज वेगळी आहे.

ब्लॅक डार्टर हा ब्रिटनचा सर्वांत छोटा चतुर, जेमतेम तीन सेंटिमीटरचा. पक्व नर काळाभोर असतो आणि त्याच्या कुशीवर पिवळे ठिपके असतात. ऑगस्टमध्ये जोडी एकमेकांना धरून डबक्यावर उडते आणि मादी शेपटीचं टोक ओल्या शेवाळावर टेकवत अंडी सोडते. अंडी हिवाळा काढतात, आणि वसंतात बाहेर पडलेली अळी दोनेक महिन्यांत पूर्ण वाढते. उथळ, लवकर तापणाऱ्या डबक्यांसाठी ही घाई सोयीची आहे. पण त्याच दोन महिन्यांत डबकं आटलं, तर त्या वर्षीची पिढीच जाते.

गोल्डन-रिंग्ड चतुराचं याच्या अगदी उलट. ही ब्रिटनमधली सर्वांत लांब जात, मादी ८४ मिलिमीटरपर्यंत भरते. काळ्या अंगावर पिवळी कडी असतात. तिला डबकी नकोत, माळावरून उतरणारे खळाळते ओहोळ हवेत. अंडी घालताना मादी उथळ पाण्यावर उभी तरंगते आणि शिवणयंत्राच्या सुईसारखी वरखाली होत पोटाचं टोक वाळूत खुपसत राहते. जवळ उभं राहिलं तरी तिचं लक्ष नसतं. अळी गाळात स्वतःला पुरून घेऊन दोन ते पाच वर्षं तिथेच वाढते. ओहोळात एक वर्ष राखेचा किंवा पीटचा गाळ वाहून आला, तर त्याचा फटका एकाच वेळी अनेक पिढ्यांना बसू शकतो.

कॉमन हॉकरची मादी पाठलाग करणाऱ्या नरांना टाळण्यासाठी हवेतून खाली पडते आणि मेल्याचं सोंग घेते. हे निरीक्षण स्विस आल्प्समध्ये झालं आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. स्कॉटिश हायलँड्समधला ॲझ्युअर हॉकर थंडीत करडा पडतो आणि ऊन लागलं की निळा होतो. याशिवाय वसंतातच दिसू लागणारी लार्ज रेड ही लाल टाचणी आहे आणि पंखांवर चार डाग असलेला फोर-स्पॉटेड चेसर आहे. काठावरच्या शेवाळात ड्रोसेरा असतो, आपण त्याला दवबिंदू म्हणतो. कासच्या सड्यावर ज्यांनी तो पाहिला आहे, त्यांना इथला गोल पानांचा भाऊबंद लगेच ओळखू येईल. त्याच्या चिकट केसांवर कधी कधी आख्खी टाचणी अडकलेली दिसते.

या सगळ्यांचं चाललंय कसं? ब्रिटिश ड्रॅगनफ्लाय सोसायटी १९८३ मध्ये स्थापन झाली. तिने २०२१ मध्ये, १९७० पासूनच्या नोंदी तपासून एक अहवाल काढला. बहुतेक नोंदी हौशी निरीक्षकांच्या होत्या. देशात राहणाऱ्या आणि नियमित येणाऱ्या जातींपैकी ४० टक्क्यांहून जास्त जाती वाढल्या आणि सुमारे ११ टक्के घटल्या, असं त्यात दिसलं. वरवर बातमी चांगली आहे. वाढलेल्यांत दक्षिणेकडून वर सरकणाऱ्या जाती पुष्कळ आहेत. एम्परर हा मोठा चतुर आता स्कॉटलंडपर्यंत पोचला आहे. घटलेल्यांत मात्र उंचावरच्या आणि उत्तरेकडच्या जाती आहेत. ब्लॅक डार्टर आणि कॉमन हॉकर त्यांत आहेत.

या घटीची कारणं तीन अंगांनी मांडली जातात. तापमान हेच मूळ कारण, असं एक मत आहे. थंडीला सरावलेल्या जातींना वर सरकायला डोंगर उरत नाही. दुसरं मत पाण्याकडे बोट दाखवतं : चर, धुपलेलं पीट आणि कोरडे उन्हाळे यांनी डबकी आटतात. १९ जुलै २०२२ रोजी इंग्लंडमध्ये पारा पहिल्यांदाच ४० अंशांवर गेला, त्या वर्षीचा दुष्काळ याचं अलीकडचं उदाहरण. तिसरं मत हवेतून पडणाऱ्या नायट्रोजनला जबाबदार धरतं. त्याने शेवाळाऐवजी गवत माजतं आणि डबक्यांचे काठ बदलतात. या तिन्ही कारणांचा वाटा वेगळा करून दाखवणं अजून जमलेलं नाही. उंचावर निरीक्षक कमी जातात, त्यामुळे मूळ नोंदीच विरळ आहेत. तिन्ही कारणं एकाच वेळी, एकाच माळावर काम करतात, हे तर खरंच.

चर बुजवण्याचं काम

गेल्या वीस वर्षांत या सगळ्या प्रश्नांपैकी एकावर बऱ्यापैकी एकमत झालं आहे : माळावरून पाणी पळू द्यायचं नाही. पीक डिस्ट्रिक्टमध्ये २००३ पासून मूर्स फॉर द फ्यूचर ही भागीदारी उघड्या पीटवर चुना आणि बी टाकते, घळींमध्ये दगडाचे आणि लाकडाचे छोटे बांध घालते आणि स्फॅग्नमची रोपं लावते. एक्समूरवर पाणीपुरवठा कंपनीच या कामात उतरली. वर पाणी मुरलं तर खाली धरणात येणारं पाणी कमी गढूळ असतं, हा तिचा साधा हिशेब आहे. स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला फ्लो कंट्री हा ‘ब्लँकेट बॉग’चा, म्हणजे जमिनीवर पांघरुणासारख्या पसरलेल्या पीटचा, युरोपातला सर्वांत विस्तीर्ण मुलूख आहे. १९८० च्या दशकात करसवलतीच्या जोरावर तिथे परदेशी सूचिपर्णी झाडं लावली गेली. १९८८ च्या अर्थसंकल्पात ती सवलत काढली गेली, पुढे ती झाडं तोडून चर बुजवले गेले, आणि जुलै २०२४ मध्ये हा मुलूख जागतिक वारसा ठरला.

प्रत्येक बांधामागे एक डबकं तयार होतं आणि त्यात पाणकिडे, टाचण्या, चतुर येतात. फायदा एवढ्यावर थांबत नाही. पीटच्या ओल्या मातीत क्रेनफ्लाय नावाच्या लांब पायांच्या माशीच्या अळ्या वाढतात, आणि गोल्डन प्लोव्हर या पक्ष्याची पिल्लं त्या माशांवर पोसतात. ऑगस्ट तापला आणि माती सुकली की माशा कमी होतात, आणि त्याचा परिणाम पुढच्या वर्षांतल्या पक्ष्यांच्या संख्येवर दिसतो. हे संशोधकांनी आकड्यांनी दाखवलं आहे. चर बुजवल्यावर माशा वाढतात, हेही मोजलं गेलं आहे.

तरी इथेही एक गाठ राहतेच, आणि तिच्याकडे फारसं लक्ष गेलेलं नाही. उघड्या पाण्यातून मिथेन निघतो. कार्बनचा हिशेब ठेवणाऱ्यांना म्हणून डबकं लवकर शेवाळाने भरून आलेलं हवं असतं. चतुराला उघडं पाणीही हवं आणि काठाचं तरंगतं शेवाळही. व्हाइट-फेस्ड डार्टर या चतुराचं उदाहरण घ्या. इंग्लंडमध्ये ही जात अगदी मोजक्या ठिकाणी उरली होती. कंब्रियातल्या फाउल्शॉ मॉसमध्ये २०१० पासून आणि चेशायरमधल्या डेलामीरमध्ये २०१३ पासून अळ्या आणून ती पुन्हा वसवली गेली. दोन्ही जागा उंचावरच्या नाहीत, सखल दलदली आहेत. पण तिथला धडा वरच्या माळालाही लागू पडतो. डबकं पूर्ण भरून गेलं तर ही जात जाते, आणि नुसतं रिकामं राहिलं तरी ती येत नाही. वेगवेगळ्या वयाची डबकी शेजारी शेजारी राखावी लागतील. बांध घालणाऱ्या योजना मात्र बहुतेक वेळा एकदाच निधी मिळवून एकदाच काम करतात.

जाळावं की नाही

सर्वांत कडवा मतभेद हेदर जाळण्यावर आहे. जाळणीच्या बाजूने बोलणारे, म्हणजे शिकार-इस्टेटींचे मालक, शिकारीसाठी माळ राखणारे गेमकीपर आणि काही संशोधक, तीन मुद्दे मांडतात. हिवाळ्यात ओल्या पीटवर घाईने फिरवलेली आग फक्त वरचं झुडूप जाळते, खालचं पीट तसंच राहतं. पट्ट्यापट्ट्यांनी जाळल्यामुळे उंच-ठेंगू झुडपांचं मिश्रण तयार होतं, ते अनेक पक्ष्यांना सोयीचं असतं. आणि वाळलेलं जळण कमी झाल्यामुळे उन्हाळ्यातला वणवा आवरता येतो. जून २०१८ मध्ये सॅडलवर्थ मूर पेटला, ऑगस्ट २०२५ मध्ये नॉर्थ यॉर्क मूर्समधला लँगडेल मूर पेटला. अशा प्रत्येक वणव्यानंतर हा तिसरा मुद्दा जोरात पुढे येतो.

विरोधकांचं म्हणणं असं की जाळणीने माळ कोरडा पडतो आणि हेदरच माजतं, म्हणजे जळण पुन्हा तयारच होतं. ओला, शेवाळाने भरलेला माळ मुळात पेटतच नाही. लीड्स विद्यापीठाने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘एम्बर’ अभ्यासात दहा पाणलोटांची तुलना होती, पाच जाळलेले आणि पाच न जाळलेले. जाळलेल्या पाणलोटांत भूजल खाली गेलेलं आणि ओहोळांतले कीटक कमी प्रकारचे आढळले. चतुरांवर प्रेम करणाऱ्यांना हा निष्कर्ष साहजिकच जवळचा वाटला. २०१९ मध्ये दोघा संशोधकांनी त्यावर आक्षेप घेतला : जाळलेले आणि न जाळलेले पाणलोट मुळातच वेगळ्या जागी आणि वेगळ्या परिस्थितीत होते, तेव्हा दिसलेला फरक जाळणीचाच कशावरून?

दुसरा पुरावा पेनाइन्समधल्या मूर हाउस या राखीव क्षेत्रातला आहे. तिथे हार्ड हिलवर १९५४ पासून काही तुकडे दर दहा वर्षांनी, काही दर वीस वर्षांनी जाळले जातात आणि काही तसेच सोडले आहेत. २०१९ मध्ये त्यावरून एका गटाने लिहिलं की जाळूनही पीटमध्ये कार्बन साठत राहतो, फक्त वेग कमी होतो. त्याच वर्षी दुसऱ्या गटाने उत्तर दिलं की वरच्या थरावरून असा निष्कर्ष काढता येत नाही, खालचं जुनं पीट झिजत असेल तर ते या पद्धतीत दिसणारच नाही. यॉर्क विद्यापीठाचा जाळणी, कापणी आणि काहीच न करणं यांची तुलना करणारा दीर्घ प्रयोगही चालू आहे. कापणी हा मधला मार्ग म्हणून सुचवला जातो, पण जड यंत्रांनी पीट दबतं हा त्यातला दोष.

कायदा मात्र पुराव्याची पूर्ण वाट न पाहता पुढे गेला आहे. इंग्लंडमध्ये २०२१ पासून संरक्षित क्षेत्रांत ४० सेंटिमीटरपेक्षा खोल पीटवर परवान्याशिवाय जाळणीला बंदी आली. ३० सप्टेंबर २०२५ पासून ही मर्यादा ३० सेंटिमीटरवर आणली गेली आणि नियमाखालचं क्षेत्रही सुमारे तिप्पट झालं. स्कॉटलंडने २०२४ च्या कायद्यात परवान्याच्या पद्धतीची तरतूद केली. खोल पीट कोरडं पडू देऊ नये, याबद्दलचा पुरावा मला भक्कम वाटतो. उथळ पीटच्या आणि कोरड्या माळांच्या बाबतीत मात्र आजच्या माहितीवर कुणी छातीठोक बोलू नये.

भोवत्या आणि कर्ल्यू

पक्ष्यांचा वाद आधीच गाजलेला आहे, तो थोडक्यात. हेन हॅरियर हा आपल्याकडे हिवाळ्यात माळरानांवर येणाऱ्या भोवत्यांच्या कुळातला पक्षी. स्कॉटलंडच्या लँगहोम मूरवर १९९२ ते १९९७ या काळात झालेल्या अभ्यासात दिसलं की भोवत्यांना पूर्ण संरक्षण दिलं तर ग्राउझ इतके कमी होतात की हाकाऱ्याची शिकार परवडत नाही. हे निष्कर्ष दोन्ही बाजूंनी मान्य केले आणि दोघांनी त्यातून उलटे अर्थ काढले. २०१९ च्या एका अभ्यासाने उपग्रह-यंत्रं लावलेल्या ५८ भोवत्यांपैकी ७२ टक्के बेकायदा मारले गेले असण्याची शक्यता वर्तवली. दुसरीकडे नॉर्थम्बरलँडच्या ऑटरबर्न इथल्या प्रयोगात कोल्हे आणि कावळे आटोक्यात ठेवल्यावर कर्ल्यू, टिटवीसारखे जमिनीवर अंडी घालणारे पक्षी सुमारे तिप्पट यशाने पिल्लं वाढवू शकले. कोकण किनाऱ्यावर हिवाळ्यात दिसणाऱ्या, लांब वाकड्या चोचीच्या या कर्ल्यूची जगातली सुमारे पाव वीण ब्रिटनमध्ये होते, आणि तिथे त्याची संख्या १९९० च्या दशकाच्या मध्यापासून जवळजवळ निम्मी झाली आहे. गेमकीपर गेले तर कोल्हे-कावळे आटोक्यात ठेवण्याचं काम कोण आणि कुणाच्या पैशाने करणार, या प्रश्नाला शिकारबंदी मागणाऱ्यांकडे अजून नीट उत्तर नाही.

लँगहोमची पुढची गोष्ट लक्ष ठेवण्यासारखी आहे. शिकार बंद पडल्यावर गावकऱ्यांनी वर्गणी आणि देणग्या जमवून २०२१ आणि २०२२ मध्ये दोन टप्प्यांत दहा हजार एकरांहून जास्त मूर विकत घेतला. आता ते त्यांचं टॅरस व्हॅली राखीव निसर्गक्षेत्र आहे.

मेंढ्या, झाडं

मेंढ्यांनी डोंगर उघडे केले, त्या हटवा आणि झाडं येऊ द्या, असं जॉर्ज मॉन्बिओ यांच्यासारखे लेखक सांगतात. पिढ्यान् पिढ्या सामाईक माळावर चराई करणाऱ्या शेतकऱ्यांना हे आपलं जगणंच पुसण्यासारखं वाटतं. डार्टमूरवर हा संघर्ष इतका वाढला की सरकारने स्वतंत्र समिती नेमली आणि तिचा अहवाल डिसेंबर २०२३ मध्ये आला. तिथे चराई जास्त झाली की हेदर जातं, आणि चुकीच्या वेळी कमी झाली की मोलिनिया हे उंच गवत सगळं गिळतं, डबक्यांचे काठही. चतुरांना ठेंगणा, तुडवलेला काठ काही प्रमाणात हवाच असतो. कासच्या सड्यावर चराई थांबवावी की नाही यावर साताऱ्यात झालेला वाद ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही कोंडी नवी वाटणार नाही. झाडांचं उत्तर त्यामानाने सोपं आहे : खोल पीटवर झाडं लावू नयेत, घळींत आणि उतारांवर लावायला हरकत नाही, यावर आता फारसा वाद नाही.

वर जाणाऱ्यांसाठी

चतुर पाहायला येणाऱ्यांचाही माळावर भार पडतोच. डबक्याचा काठ म्हणजे शेकडो वर्षांचं शेवाळ असतं आणि एका बुटाचा ठसा तिथे बराच काळ राहतो. इंग्लंड-वेल्समधल्या मोकळ्या माळावर १ मार्च ते ३१ जुलै कुत्रा आखूड दोरीला बांधलेला असावा लागतो, ते जमिनीवरच्या घरट्यांसाठी. उन्हाळ्यात शेगडी किंवा बार्बेक्यू वर नेणं म्हणजे वणव्याला आमंत्रण.

लीड्स, ब्रॅडफर्ड, मँचेस्टर, शेफील्ड इथे राहणाऱ्या मराठी वाचकांना हे माळ तासाभराच्या अंतरावर आहेत. वारा कमी आणि ऊन स्वच्छ असलेला ऑगस्टचा दिवस निवडा, पायवाट सोडू नका, आणि डबक्याजवळ पंधरा मिनिटं शांत बसा. जे दिसेल त्याची तारीख, जागा आणि फोटो ब्रिटिश ड्रॅगनफ्लाय सोसायटीच्या नोंदींसाठी जरूर पाठवा. गवताच्या काडीला चिकटलेली अळीची कात दिसली तर तिचा फोटो आधी पाठवा. उडणारा चतुर कुठूनही आलेला असू शकतो, पण कात सापडली की त्याच डबक्यात तो वाढला हे सिद्ध होतं, आणि उंच माळांवरून अशाच नोंदी सर्वांत कमी येतात.